बंद जिनमध्ये पांढरा कोळसा: नागपूर जिल्ह्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

शेतातल्या काडीकचऱ्यापासून ब्रिकेट, म्हणजे जळणाचे घट्ट दाबलेले तुकडे, बनवायच्या धंद्याची चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण मशीनपासून सुरुवात करतो. तुकडे ठोकणारा प्रेस कितीला पडतो, राजकोटहून आणायचा का, सबसिडी किती बसते. मशीन ही खरं तर सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. आधी गिऱ्हाईक, मग माल, मग जागा, मग कागद. हे चार जुळले तर मशीन विकणारे तुमच्या दारात रांग लावतात, त्यांना शोधावं लागत नाही.

जागेची मात्र आपल्याकडे टंचाई नाही. काटोल, सावनेर, उमरेडच्या पट्ट्यात कुलूप लागलेल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या जिन आहेत. मौदा-रामटेककडे हंगामापुरत्या धडधडणाऱ्या राइस मिल आहेत. गावोगावी सोसायटीची रिकामी गोदामं आहेत, आणि भाव पडल्यावर बंद केलेली कोंबड्यांची शेड तर कुठंही दिसतील. यातली जिन मला सगळ्यात कामाची वाटते. कारण ब्रिकेटच्या धंद्याला जे जे लागतं ते तिथं आधीच बांधून ठेवलेलं असतं: ट्रक उभा राहील असा वजनकाटा, दहा-बारा गाड्या वळतील असं पटांगण, उंच छपराचं शेड, जास्त दाबाची वीज, आगीसाठी पाण्याची मोठी टाकी आणि डांबरी रस्ता. हेच सगळं कोऱ्या जमिनीवर उभं करायला गेलात तर अर्धं भांडवल प्रेस यायच्या आधीच संपतं.

ब्रिकेट म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), तुराटी (तुरीची), कुटार (सोयाबीनच्या मळणीतला भुसा), तूस (धानाची टरफलं) यांचा चुरा जबर दाबाखाली ठोकून केलेला दंडगोल तुकडा. बाजारात याला पांढरा कोळसा म्हणतात. गूळ, माती, डिंक असलं काही मिसळावं लागत नाही. काडीतला लिग्निन हा नैसर्गिक घटकच दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं मऊ होतो आणि तोच चुऱ्याला धरून ठेवतो. म्हणून चुरा योग्य तेवढाच कोरडा असावा लागतो, साधारण ८ ते १२ टक्के ओलावा. या धंद्यातल्या निम्म्या कटकटी या एका आकड्याभोवती फिरतात.

आधी गिऱ्हाईक

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत बॉयलर असलेले कारखाने आहेत, तिथून सुरुवात करा. मालकाची भेट मिळाली तर उत्तमच, पण आधी बॉयलरमध्ये जळण घालणाऱ्या फायरमनला गाठा. कोणता माल जळताना जाळीवर राखेचे खडे धरतो, कोणत्या मालानं दर तासाला राख ओढावी लागते, हे तोच सांगेल. तो नाखूश असेल तर मालकानं घेतलेला पहिला ट्रक हाच शेवटचा ट्रक ठरतो.

बोलणी करताना तीन आकडे विचारले जातील: उष्मांक, राख, ओलावा. पऱ्हाटीचा उष्मांक किलोमागे साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी धरतात आणि राख कमी असते. धानाच्या तुसाचा उष्मांक तीन हजारांच्या आसपास, आणि राख थेट १७ ते २० टक्के. म्हणजे तुसाचे पाच ट्रक जाळले की जवळजवळ एक ट्रक राख उरते, आणि ती टाकायची कुठं हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसतो. तूस स्वस्त मिळालं म्हणून सगळा माल तुसाचाच करू नका. तसंही तूस फुकट मिळण्याचे दिवस केव्हाच गेले, राइस मिलवाल्यांना त्याचा भाव आपल्यापेक्षा चांगला कळतो.

दुसरं गिऱ्हाईक नागपूर शहरातच आहे. इथल्या दहनघाटांवर लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याचं मोक्षकाष्ठ, म्हणजे चितेसाठीच्या ब्रिकेट, वापरलं जातं. तिसरं म्हणजे औष्णिक वीज केंद्रं. कोराडी, खापरखेडा आणि मौदा तिन्ही आपल्याच जिल्ह्यात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणानं कोळशाच्या केंद्रांना पाच टक्के जैवइंधन मिसळण्याचं बंधन घातलं, त्यामुळे हे ऐकून नवख्यांचे डोळे चमकतात. जरा थांबा. वीज केंद्रांना सहसा बोटाएवढ्या पेलेट लागतात, तुमच्या प्रेसचे जाड तुकडे नव्हेत. खरेदी निविदेनं होते, माल सलग आणि मोठा लागतो, अनामत भरावी लागते. पहिल्या दोन-तीन हंगामांत त्या वाटेला न गेलेलंच बरं.

अजून एक करा. स्वतःचा एक तुकडाही बनवायच्या आधी चालू कारखान्यातून एखादी गाडी विकत घ्या आणि ती तुमच्या होणाऱ्या गिऱ्हाइकांना विकून बघा. गाडीत फार पैसे सुटणार नाहीत. पण कोण वेळेवर पैसे देतो, कोण ओलाव्याच्या नावाखाली वजन कापतो आणि कोण "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो, हे प्रेसवर कर्ज काढण्याआधी कळतं. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि फुकट होते, ती लगेच करून ठेवा. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचं कायदेशीर बंधन खरेदीदारावर आहे, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेबखात्याचा सूर जरा बदलतो.

माल: किती, कुठून, कधी

कपाशीची पऱ्हाटी हेक्टरी साधारण अडीच ते तीन टन निघते, म्हणजे एकरी एक टन धरा. आता कागद-पेन्सिल घ्या. ताशी टनभराचा प्रेस आठ तासांच्या पाळीत, थांबे-बिघाड जाता, दिवसाला सहा टन देईल. फेब्रुवारी ते मे या शंभरेक कामाच्या दिवसांत सहाशे टन माल. त्यासाठी सुकवणीची घट धरून सातशे टन पऱ्हाटी लागेल, म्हणजे सातशे एकर. पण गावातली सगळी पऱ्हाटी तुमच्याकडे येत नाही. कुणी चुलीला ठेवतो, कुणी कुंपणाला लावतो, कुणी रोटाव्हेटर फिरवून जमिनीत गाडतो. चारातला एक शेतकरी देईल असं धरलं तर जिनच्या आसपास २,८०० एकर कपाशी हवी. पंचवीस किलोमीटरच्या आत एवढी नसेल तर ती जिन कितीही स्वस्त भाड्यानं मिळत असली तरी सोडा. मोकळ्या पऱ्हाटीची ट्रॉली दिसते डोंगराएवढी आणि काट्यावर भरते जेमतेम काही क्विंटल. लांबून आणली तर तुम्ही डिझेल देऊन हवा वाहून आणता.

पऱ्हाटी गाडणाऱ्याच्या मागं लागू नका. त्याच्या मातीचं भलंच होतंय. बांधावर ढीग घालून काडी लावणारा शोधा, तो तुमचा माणूस. त्याला शेत मोकळं करायला मजूर लावावेच लागतात, तो खर्च वाचवून देतो म्हटलं की तो ऐकतो. भाव एकरावर ठरवू नका, काट्यावर ठरवा. एकरावर ठरवलात की उत्तम पीक असलेला आणि बोंडअळीनं उजाड झालेला दोघं सारखेच पैसे मागतात.

बोंडअळीचा विषय निघालाच आहे तर नीट समजून घ्या, कारण गावात तुमच्यावर पहिला आक्षेप याच मुद्द्यावरून येणार. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून बसते. फरदड (हंगाम संपल्यावर पाणी देऊन लांबवलेलं कपाशीचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा असं कृषी विभाग कानीकपाळी ओरडतो ते यासाठीच. तुम्ही अख्ख्या पऱ्हाटीच्या गंज्या पावसाळ्यापर्यंत जिनमध्ये लावून ठेवल्या तर पुढच्या हंगामातली अळी तुम्हीच सांभाळून ठेवली असं होईल. म्हणून माल आला की दोन-चार दिवसांत कुट्टी करा. जमलं तर कुट्टीयंत्र ट्रॅक्टरवर लावून शेतावरच न्या. अळी मरते, वाहतूकही हलकी होते. पटांगणाच्या कडेनं अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा.

उपटणीत एक गोष्ट बघा. चिमट्यानं उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला आपली काळी माती ढेकळासकट चिकटून येते. मजूर ती झटकत नाहीत. ती माती प्रेसमध्ये गेली की रॅम (ठोकणारा दांडा) आणि डाय (साचा) कानस लावल्यासारखे झिजतात, ब्रिकेटमधली राख वाढते आणि गिऱ्हाईक वजन कापतं. काट्यावर ट्रॉली आली की वरवर बघून पावती फाडू नका. मधल्या थरातून चार झाडं ओढून काढा. मूळ जमिनीवर आपटा, किती माती पडते बघा. मग खोड गुडघ्यावर मोडा. कट्कन मोडलं तर सुकलेलं, पिळवटून साल लोंबकळली तर अजून ओलं. ट्रॉली भरताना कोरडी वर आणि ओली तळाला घालायची हुशारी सगळीकडं चालते, रागवून उपयोग नाही, तळातली काढून बघायची सवय लावा.

ओलावा पक्का मोजायचा तर शंभर ग्रॅम चुरा १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा. जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. हे का महत्त्वाचं? २० टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर आणायचा तर एक टन ब्रिकेटसाठी १,१२५ किलो विकत घ्यावा लागतो. तोच माल ३० टक्क्यांचा असेल तर १,२८५ किलोच्या वर. भाव एकच दिलात तर दर टनामागे दीड क्विंटल पाणी तुम्ही विकत घेतलं. नागपूरच्या उन्हाचा एवढा एक फायदा आहे की एप्रिल-मेमध्ये फरसबंद पटांगणावर पातळ पसरून दिवसातून दोनदा उलथवलं तर ड्रायरची गरज पडत नाही. पहिल्या वर्षी ड्रायर घेऊच नका.

पऱ्हाटी एकटीवर वर्ष निघत नाही. सोयाबीनचं कुटार हडंब्यातून (मळणीयंत्रातून) निघतं ऑक्टोबरात, तूस आणि तणस (धानाचा पेंढा) धान निघाल्यावर, तुराटी जानेवारी-फेब्रुवारीत. कुटार आधीच बारीक असतं आणि पऱ्हाटीच्या चुऱ्यात मिसळायला सोयीचं, पण जनावरांसाठी मागणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी भावात झुंजू नका.

जागा बघताना

जिन दोन प्रकारच्या मिळतील. एक, कायमची बंद. दुसरी, दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारी आणि मग रिकामी. दुसरीत भाडं कमी लागतं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कापूस आणि पऱ्हाटी एकाच वेळी आवारात येतात. पऱ्हाटीचा चुरा रुईत गेला तर जिनवाल्याची गठाण बदनाम होते, आणि तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी बाहेर काढेल, काढायलाच हवं. तेव्हा वाऱ्याची दिशा बघून पटांगणाचा वेगळा कोपरा, वेगळं फाटक आणि मधे भिंत किंवा निदान उंच जाळी, एवढं करारात लिहून घ्या.

शेडमध्ये शिरल्यावर मान वर करा. छपराच्या कैच्यांवर, पट्ट्यांवर, जुन्या नळांवर वर्षानुवर्षांची रुईची धूळ बसलेली असते. ती साफ न करता कुणी वेल्डिंग सुरू केलं तर एक ठिणगी पुरते. आधी झाडून, हवा मारून सगळं खाली पाडायचं, बाहेर नेऊन टाकायचं, मगच वेल्डर बोलवायचा. पाण्याची टाकी आहे म्हणून खूश होऊ नका, पंप चालवून नळीला दाब येतो का ते स्वतः बघा. छपराला गळती असेल तर पहिल्याच पावसात सुकवलेला चुरा पुन्हा चिखल.

कागद

सात-बारा काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. बंद जिनवर बँकेचा बोजा असणं हा अपवाद नसतो. बोजा असेल तर बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. जमीन अकृषक आहे का तेही तिथंच कळेल. जिन सहकारी संस्थेची असेल तर अध्यक्षांचा शब्द पुरत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधक कार्यालयाची परवानगी बघा. संस्था अवसायनात (गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) गेली असेल तर बोलणी अवसायकाशी. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीत प्रेसचे पैसे निघणं कठीण, म्हणून मुदतीवर घासाघीस करा, भाड्यावर थोडं सोडलं तरी चालेल.

वीज. जुनं कनेक्शन कायमचं तोडलेलं असेल तर त्या जागेवरची थकबाकी महावितरण नव्या अर्जदाराला विचारतं. करार करण्याआधी ग्राहक क्रमांक घेऊन उपविभागात जा आणि बाकी किती ते लेखी घ्या. कनेक्शन चालू असेल तर प्रेस बंद असतानाही मागणी आकार (जोडणीचं ठरावीक शुल्क) दर महिन्याला लागतो, तो हिशेबात धरा. शेतीपंपाच्या किंवा दुसऱ्या स्वस्त दराच्या मीटरवर प्रेस चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर आहे आणि दंडाचं बिल धंदा बसवतं.

सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र एकाच इमारतीत आहेत, एका फेरीत दोन कामं होतात. मंडळ उद्योगांना प्रदूषणानुसार रंगांच्या श्रेणीत बसवतं. उन्हात सुकवणं आणि भट्टीच्या ड्रायरनं सुकवणं यात फरक पडतो, म्हणून अर्जात प्रक्रिया नेमकी लिहा. उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरे विशेष गटांना ३५ टक्के अनुदान. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, पण भाड्याच्या शेडचं भाडं जास्तीत जास्त तीन वर्षांचं धरता येतं. बंद जिन भाड्यानं घेणाऱ्याला हे नियम सोयीचे आहेत. मात्र अनुदान हातात पडत नाही, ते तीन वर्षं बँकेतच ठेवीत राहतं. अनुदानाच्या भरवशावर खेळतं भांडवल मोजणाऱ्यांची मार्चमध्येच दमछाक होते, आणि पऱ्हाटी तर तेव्हाच रोखीनं घ्यायची असते.

विमा वेगळा काढा. जुन्या पॉलिसीत जिनिंग लिहिलेलं आणि आत ब्रिकेटचा साठा, अशा वेळी दावा अडकतो.

मशीन आणि चालवणं

प्रेस, कुट्टीयंत्र, पंखे मिळून ९० अश्वशक्तीचा जोड धरला तर पूर्ण भाराला ६७ किलोवॅट. प्रत्यक्षात पाऊणपट भार पडतो, म्हणजे ताशी पन्नास युनिट. ताशी एक टन निघालं तर टनाला पन्नास युनिट, अर्धा टन निघालं तर शंभर. माल ओला, मातीचा किंवा जाड असला की उत्पादन घटतं आणि वीज तेवढीच जळते. रॅम, वेअर रिंग, डाय हे झिजणारे भाग आहेत, एक संच कपाटात हवाच. मशीन विकणारा ताशी जेवढं उत्पादन सांगेल ते भुशावर चालवून काढलेलं असतं. त्याला आपली पोतंभर पऱ्हाटी न्या आणि तीच चालवून दाखवायला सांगा.

प्रेसमधून निघालेली ब्रिकेट गरम असते. लांब पट्टीवरून ती थंड होत पुढं सरकते, पण घाईत गरमच थप्पी लावली तर आतून धुमसू लागते आणि रात्री कुणाचं लक्ष नसतं. थप्पी लावण्याआधी तुकडा हातात धरता आला पाहिजे. ओल्या चुऱ्याचा ढीगसुद्धा आपोआप तापतो. यावर सोपा उपाय म्हणजे लोखंडी सळई. ढिगाच्या पोटात खुपसा, दहा-पंधरा मिनिटांनी ओढून हात लावा. चटका बसला तर ढीग लगेच फोडून पसरायचा. रखवालदाराला हे रोज दोनदा करायला लावा.

तयार ब्रिकेटला पाणी लागलं की ती फुगून पुन्हा भुसा होते. त्यामुळे मृगाच्या आत साठा विकून टाकायचा किंवा फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, कोरड्या शेडात ठेवायचा. पावसाळ्यात प्रेस उघडून दुरुस्ती.

शिकायचं असेल तर अमरावती रोडवर वाडीजवळ केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पऱ्हाटीपासून ब्रिकेट, पेलेट, कंपोस्ट यावर या संस्थेनं काम केलं आहे, आणि पार्टिकल बोर्डचा पथदर्शी प्रकल्पही याच केंद्रात उभा केला. बोर्डाचं ऐकून हुरळून जाऊ नका, त्याला लागणारं भांडवल आणि रेझिनचं तंत्र हा निराळाच खेळ आहे.

जिन नसून कोंबड्यांचं शेड हाती असेल तर

तिथं प्रेस बसवू नका, छप्पर ठेंगणं आणि वीज अपुरी. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करा. जुनी विष्ठा पूर्ण खरवडून काढा, चुना मारा, जाळीच्या बाजू पोत्यांनी किंवा शेडनेटनं झाका. तणस किंवा कुटार भिजवून ८० अंशांच्या गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशव्यांत थराथरानं अळिंबीचं बियाणं भरायचं. तापमान २० ते ३० अंश आणि हवेत ८० टक्क्यांवर दमटपणा लागतो, म्हणून आपल्याकडे जुलै ते फेब्रुवारी हाच काळ. एप्रिल-मेमध्ये कूलर लावून हट्ट करणाऱ्यांचा खर्च निघत नाही. कोरड्या एक किलो तणसामागं अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी मिळते आणि ती एक-दोन दिवसांत खपली पाहिजे, तेव्हा इथंही आधी हॉटेलवाले आणि भाजीवाले ठरवा, बियाणं नंतर आणा. उरलेली वाळवून ठेवता येते. वापरून झालेल्या पिशव्यांतलं तणस कंपोस्टला जातं, आणि संत्र्याच्या बागेवाले ते खुशीनं नेतात.